वाचील तो

मंद्रूप मागं पडलं तसे दिवेही मागं पडले.
वजदी मागच्या सीटवर, मांडीत चादर,
चादरीत चार कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
चैत्र. दोन्ही अंगांना कापलेल्या ज्वारीची धसकटं.
वाऱ्यातून तो ओरडला, "आमच्याकडंही असाच वास येतो!"
कसला, ते ऐकू आलं नाही.

फार्मसीचं तिसरं वर्ष. घर समुद्रापलीकडं,
मारिबच्या वाळूत, जिथं आता विमान उतरत नाही.
मराठी तो एसटीच्या पाट्यांवरून शिकला:
आधी बारामती, मग सांगोला, मग जोडाक्षरं.
मंद्रूपच्या 'द्रू'नं त्याला आठवडाभर छळलं.

हत्तरसंग कुडलला पोचलो तेव्हा
भीमा आणि सीना अंधारात
एकमेकींशी काहीच बोलत नव्हत्या.
पाणी तळाला गेलेलं.
राखणदार कलप्पानं बॅटरी दिली,
म्हणाला, "विंचू बघून बसा की."

आडव्या पडलेल्या खांबांवर वजदी पंजा टेकवत गेला,
बाजारात बैलाची पाठ चाचपावी तसा.
त्याच्या गावाबाहेरही असेच खांब,
एका जुन्या धरणाची फुटकी भिंत.
लहानपणी तिथं हरवलेल्या शेळ्या शोधायला जायचा.
"दगडावर लिहिलंय काय काय. आम्हाला वाचता येत नाही.
लिहिणारे आमचेच, पण फार आधीचे."
पिंडीवरची मुखं त्यानं मोजायला घेतली,
शंभराच्या पुढं बॅटरी मंदावली.

मग दगडावर चादर टाकून आडवे झालो.

मावळतीला रोहिणी, अगदी खाली.
तो तिला दबरान म्हणतो. पाठलाग करणारा.
कृत्तिकेच्या मागं लागलाय, मेहेर म्हणून
उंटांचा कळप हाकत. ती नाहीच म्हणते.
मी सांगितलं, आमच्यात रोहिणी बाई आहे,
चंद्राची लाडकी बायको.
"मग उंट कुणाचे?" त्यानं विचारलं.
आम्ही हसलो तेव्हा देवळातली वटवाघळं उठली.

उत्तरेला खाटलं वर आलं होतं.
मिलमध्ये रात्रपाळी करणारा माझा मामा
सुट्टीच्या रात्री गच्चीवर दाखवायचा:
हे खाटल्याचे चार पाय, हे मागं तीन चोर.
खाटल्यावरची म्हातारी जागीच,
म्हणून चोरांनाही झोप नाही.
मामाचं बोट मशिनीत अर्धं गेलेलं,
त्यामुळं तिसरा चोर कायम थोडा लांब वाटायचा.

वजदी बराच वेळ गप्प.
"आमच्यात तो जनाजा आहे," म्हणाला,
"मागच्या तीन मुली. बापाला घेऊन निघाल्यात.
ध्रुवानं मारलं त्याला,
म्हणून त्याच्याच भोवती फिरतात रात्रभर."

मी भाकरी मोडली. ती दगडासारखी वाजली.

निघताना त्याला शिलालेखाची तुळई दाखवली.
हजार वर्षांची मराठी, मलाही धड लागत नाही.
शेवटच्या ओळीचा अर्थ तेवढा ठाऊक:
जो हे वाचील, तो विजयी होईल.

"वाचील म्हणजे पुस्तक वाचतात तसं?"
हो.
"आणि अपघातातून वाचतात, ते?"
तोच शब्द.
"मग विजयी कोण?"
मराठीत मला बारावीला एकाहत्तर होते.
उत्तर आलं नाही.
त्यानं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं
आणि फलाटावर उभा राहून पाटी वाचावी तसा
एकेक अक्षर सुटं करत पुढं सरकला.
कुठं जाणारी गाडी, त्याला माहीत नव्हतं.

मंद्रूपला रेंज आली.
त्याच्या खिशात फोन थरथरला, एकदा, दोनदा,
मग थांबेचना.
पंक्चरच्या बंद दुकानासमोर मी गाडी उभी केली.
स्क्रीनचा उजेड त्याच्या हनुवटीवर,
अंगठा वर सरकत राहिला, उजवीकडून डावीकडं डोळे.
एक कुत्रं येऊन चादर हुंगून गेलं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं,
"सगळे वाचले?"

त्यानं फोन पालथा घातला.
"सगळे," म्हणाला.

मी पुन्हा काही विचारलं नाही. किक मारली.